जमशेटजी टाटा : संपत्ती, वारसा आणि दानाचे नियोजन

उद्दिष्टे

विद्यार्थिमित्रहो, या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला पुढील गोष्टी सांगता येतील.
१. जमशेटजी नसरवानजी टाटा यांच्या जीवनातील प्रमुख घटना व त्यांचा क्रम.
२. त्यांनी स्थापन केलेल्या शिक्षणनिधीची कार्यपद्धती.
३. विज्ञानसंस्थेसाठी राखून ठेवलेल्या मिळकतीचे स्वरूप आणि त्या योजनेपुढे आलेल्या अडचणी.
४. दान हा संपत्तीच्या दीर्घकालीन नियोजनाचा भाग कसा होऊ शकतो, याविषयीचे स्वतःचे मत.

प्रास्ताविक

दानाची कल्पना आपल्या समाजाला नवी नाही. सणावाराला, तीर्थक्षेत्री, मंगलकार्यात किंवा घरातील वडीलधाऱ्यांच्या स्मरणार्थ दान देण्याची रीत सर्वत्र आढळते. अशा दानामागे श्रद्धा असते, कळकळही असते. परंतु ते बहुधा प्रसंगाने सुचलेले असते. प्रसंग सरला की दानही सरते. मुलांची शिक्षणे, लग्नकार्ये, घर, म्हातारपणची तरतूद यांचा विचार मनुष्य वर्षानुवर्षे आधी करतो. दानाचा विचार मात्र हे सारे झाल्यावर जे उरेल त्यातून करू, असे म्हणून पुढे ढकलला जातो. पुष्कळदा उरण्याची वेळच येत नाही.

जमशेटजी टाटा यांचे चरित्र आपण सहसा उद्योगपतीचे चरित्र म्हणून वाचतो. पोलादाचा कारखाना, जलविद्युत आणि मुंबईचे ताजमहाल हॉटेल यांच्याशी त्यांचे नाव जोडलेले आहे. प्रस्तुत घटकात याच चरित्राकडे आपण वेगळ्या बाजूने पाहणार आहोत. आपल्या मिळकतीची वाटणी ठरविताना त्यांनी मुलांच्या बरोबरीने समाजाचाही वाटा ठरविला. तो हयातीत ठरविला आणि आपल्या पश्चात तो कसा चालेल याचीही व्यवस्था पाहिली. ही व्यवस्था निर्दोष नव्हती. तिच्यात एक मोठी गाठ पडली आणि ती सोडविण्यात त्यांच्या आयुष्याची अखेरची वर्षे गेली. त्या गाठीचा अभ्यास त्यांच्या यशाच्या अभ्यासाइतकाच बोधप्रद आहे.

१. घडणीचा काळ

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातमधील नवसारी येथे एका पारशी कुटुंबात झाला. घराण्यात परंपरेने पौरोहित्य चालत आलेले होते. वडील नसरवानजी यांनी ती वाट सोडून व्यापार पत्करला आणि मुंबई गाठली. जमशेटजीही वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास मुंबईला आले. एल्फिन्स्टन कॉलेजातील शिक्षण त्यांनी १८५८ मध्ये पूर्ण केले. विद्यार्थिदशेतच त्यांचा हिराबाईंशी विवाह झाला होता. १८५९ मध्ये थोरले चिरंजीव दोराबजी यांचा जन्म झाला. धाकटे चिरंजीव रतनजी यांचा जन्म त्यानंतर बारा वर्षांनी, १८७१ मध्ये झाला.

शिक्षण संपताच त्यांनी वडिलांच्या पेढीत काम सुरू केले व त्या कामासाठी ते हाँगकाँगला गेले. त्या काळच्या मुंबईतील अनेक पेढ्यांप्रमाणे या पेढीचाही चीनशी कापूस व अफू यांचा व्यापार होता. पुढे देशाच्या उभारणीशी ज्या घराण्याचे नाव जोडले गेले, त्याच्या आरंभीच्या संपत्तीचा हा एक स्रोत होता. चरित्राच्या अभ्यासकाने ही गोष्ट झाकून ठेवू नये.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईत पैशाचा पूर लोटला. रोज नव्या बँका व कंपन्या निघू लागल्या आणि त्यांच्या कागदी भागांवर माणसे श्रीमंत होऊ लागली. १८६५ मध्ये युद्ध थांबले, कापसाचे भाव कोसळले आणि भागबाजारही कोसळला. मोठमोठी घराणी रस्त्यावर आली. टाटांच्या पेढीलाही जबर फटका बसला. जमशेटजी तेव्हा पेढीच्या कामासाठी लंडनमध्ये होते. देणी देण्याइतका पैसा हाती नव्हता. अशा वेळी त्यांनी तोंड लपविले नाही. धनकोंना पेढीची खरी स्थिती सांगितली. त्यांच्या सचोटीवर विश्वास ठेवून धनकोंनी देणी निपटण्याचे काम त्यांच्याकडेच सोपविले.

याच काळातील मुंबईची आणखी एक गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. प्रेमचंद रायचंद हे त्या तेजीचे नायक. त्यांनी भरभराटीच्या काळात मुंबई विद्यापीठाला ग्रंथालय व मनोऱ्यासाठी मोठी देणगी दिली होती. पुढे त्यांची संपत्ती बुडाली. परंतु विद्यापीठाला दिलेले धन बुडाले नाही. त्यातून राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला आणि तो आजही उभा आहे. जवळ ठेवलेले धन गेले आणि दिलेले धन राहिले, हे त्या पिढीने डोळ्यांनी पाहिले. जमशेटजी त्याच पिढीचे होते.

२. नागपूरची गिरणी

पेढीला सावरण्याची संधी १८६८ च्या सुमारास आली. अबिसीनियावर निघालेल्या ब्रिटिश सैन्याला सामग्री पुरविण्याच्या मक्त्यात नसरवानजींचा भाग होता आणि त्यात चांगला नफा झाला. १८६८ मध्येच जमशेटजींनी २१,००० रुपयांच्या भांडवलावर स्वतःची व्यापारी पेढी सुरू केली. पुढील वर्षी चिंचपोकळी येथील एक बुडालेली तेलगिरणी विकत घेऊन तिचे कापडगिरणीत रूपांतर केले आणि दोन वर्षांनी ती नफ्याने विकली. त्यानंतर ते इंग्लंडमधील लँकेशायरला गेले व कापडधंद्याचा बारकाईने अभ्यास करून परतले.

त्या वेळी गिरणी काढायची म्हणजे मुंबईतच, असा रिवाज होता. जमशेटजींनी नागपूरची निवड केली. कापूस पिकविणारा मुलूख जवळ होता, कोळसा मिळण्यासारखा होता, रेल्वे पोचली होती आणि जमीन स्वस्त होती. स्वस्त असण्याचे कारण असे की ती पाणथळ होती. ती भरून काढण्यावर होणारा खर्च पाहून तेथील एका सावकाराने, हा मनुष्य मातीत सोने पुरतो आहे असे समजून, भांडवल देण्याचे नाकारले, अशी हकिकत सांगतात. पुढे त्याच सावकाराने आपली चूक कबूल केली, असेही सांगतात. १८७४ मध्ये १५ लाख रुपयांच्या भागभांडवलाची कंपनी स्थापन झाली आणि १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले होते, म्हणून गिरणीला एम्प्रेस मिल हे नाव मिळाले.

जमशेटजींच्या दानविचाराची पहिली चिन्हे या गिरणीत दिसतात. कामगारांसाठी १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाला आणि १८९५ मध्ये अपघाताच्या भरपाईची व्यवस्था झाली. कायद्याची सक्ती नसताना या गोष्टी करण्यात आल्या. तथापि केवळ दयाबुद्धीने त्या केल्या, असे म्हणता येणार नाही. नागपूरला गिरणीकामाची सवय असलेला कामगार मिळत नव्हता आणि मिळाला तरी टिकत नव्हता. त्याला टिकविणे धंद्याच्या हिताचे होते. कामगाराचे हित आणि गिरणीचे हित एकाच व्यवस्थेत बसविता येते, हे जमशेटजींनी येथे अनुभवले. त्या काळच्या गिरण्यांतील कामाचे तास दीर्घ होते आणि कामगाराचे जीवन कष्टाचे होते, हेही आपण विसरता कामा नये. पुढे जे दान दिले गेले, त्यामागे या कष्टांचाही हिस्सा होता.

१८८६ मध्ये त्यांनी कुर्ला येथील धरमसी मिल घेतली व तिचे नाव स्वदेशी मिल ठेवले. जुनाट यंत्रे व बिघडलेला कारभार यांमुळे ती सावरणे फार कठीण गेले. आपल्या नावावर विसंबून ज्यांनी पैसा गुंतविला, त्यांचा पैसा बुडू नये म्हणून त्यांनी स्वतःची पुंजी तिच्यात घातली. १८८७ मध्ये टाटा अँड सन्स ही पेढी स्थापन झाली आणि दोराबजी तिच्यात भागीदार झाले. वारसा पुढे नेण्याची एक व्यवस्था अशा रीतीने आकाराला आली. दुसऱ्या व्यवस्थेचा विचार याच सुमारास सुरू झाला.

३. परत येणारे दान

१८८९ मध्ये मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांनी एका भाषणात, केवळ परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठांनी देशाचे काम भागणार नाही, प्रत्यक्ष अध्यापन व संशोधन करणारी विद्यापीठे हवीत, अशा आशयाचे विचार मांडले. जमशेटजींच्या मनात हा विचार रुजला. परंतु संस्था उभारणे हे दीर्घ पल्ल्याचे काम होते. तोवर हुशार तरुणांना परदेशी पाठवून उच्च शिक्षण द्यावे, या हेतूने त्यांनी १८९२ मध्ये जे. एन. टाटा एन्डाउमेंट हा निधी स्थापन केला.

या निधीची कार्यपद्धती समजून घेणे महत्त्वाचे आहे. निधीतून विद्यार्थ्याला मिळणारी रक्कम फुकटची नव्हती. ते अल्प व्याजाचे कर्ज होते. शिक्षण पूर्ण करून तो कमावता झाला की त्याने ते फेडायचे आणि फेडलेल्या रकमेतून पुढील विद्यार्थ्याला मदत व्हायची.

याचा परिणाम एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, एका गृहस्थाकडे दानासाठी १०,००० रुपये आहेत. त्याने प्रत्येकी ५,००० रुपये दोन विद्यार्थ्यांना देऊन टाकले, तर दोघांचे शिक्षण होईल आणि निधी संपेल. त्याने तेच पैसे कर्जाऊ दिले आणि दहा वर्षांत ते परत आले, तर दहा वर्षांनी आणखी दोघे शिकतील व वीस वर्षांनी आणखी दोघे. काही कर्ज बुडेल हे खरे. त्यासाठीच थोडे व्याज. मूळ रक्कम तीच राहते, लाभार्थींची रांग मात्र वाढत जाते.

या पद्धतीत आणखी एक गुण आहे. मदत घेणाऱ्याला मिंधेपणा वाटत नाही. तो ऋणको असतो, याचक नसतो. आणि ऋण फेडताना तो स्वतःच पुढच्या विद्यार्थ्याचा दाता होतो. या निधीच्या आरंभीच्या लाभार्थींत फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर या दोन महिला डॉक्टर होत्या. त्या काळी स्त्रीने शिकणे हेच अनेकांना मान्य नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे या निवडीचे मोल कळते. पुढील काळात भारताचे राष्ट्रपती झालेले के. आर. नारायणन, अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णा आणि कोल्हापुरातच जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर हेही या निधीचे शिष्यवृत्तिधारक होते. संस्थापकाच्या मृत्यूनंतर अर्धशतक उलटून गेल्यावरही तो निधी नव्या विद्यार्थ्यांना परदेशी पाठवीत होता.

४. संस्थेचा वाटा

शिक्षणनिधी चालू झाला, तरी संस्थेचा विचार मागे पडला नाही. १८९३ मध्ये जपानहून अमेरिकेस जाताना बोटीवर त्यांची स्वामी विवेकानंदांशी भेट झाली. पुढे १८९८ मध्ये संस्थेच्या योजनेसंबंधी त्यांनी स्वामीजींना पत्रही लिहिले. शिक्षणतज्ज्ञ बरजोरजी पादशहा यांना त्यांनी परदेशी पाठवून तेथील विद्यापीठांच्या रचनेचा व खर्चाचा अभ्यास करविला. आपण कशासाठी देणार, त्याला वर्षाकाठी किती लागणार आणि ते कोठून येणार, याचा हिशेब आधी मांडल्याखेरीज देणगी जाहीर करावयाची नाही, ही त्यांची रीत होती.

या संस्थेसाठी त्यांनी मुंबईतील १४ इमारती व ४ जमिनी राखून ठेवल्या. त्यांची किंमत सुमारे ३० लाख रुपये होती आणि त्यांपासून वर्षाला सव्वा लाख रुपयांचे उत्पन्न अपेक्षित होते. त्यांच्या खाजगी संपत्तीचा हा जवळजवळ निम्मा भाग होता, असे मानले जाते.

या आकड्यांकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. ३० लाखांवर सव्वा लाख म्हणजे शेकडा चारांहून थोडे अधिक. उत्पन्न माफक, परंतु ते भाड्याचे असल्यामुळे दरवर्षी येणारे. रोख ३० लाख दिले असते, तर ते बांधकामात व पहिल्या काही वर्षांच्या खर्चात संपून गेले असते. जमशेटजींनी मुद्दल राखून उत्पन्न देणारी मिळकत दिली. प्राध्यापकाचे वेतन दरमहा द्यावे लागते, प्रयोगशाळेला सामग्री दरवर्षी लागते. म्हणून देणगीही दरवर्षी उत्पन्न देणारी हवी, हा त्यामागील विचार होता. जुन्या काळी देवस्थानाला रोख रकमेऐवजी जमीन इनाम देत, त्याचे कारणही हेच होते. नंदादीप रोज लावायचा, तर तेलाची सोय रोजची हवी.

दुसरी गोष्ट अशी की त्यांनी ही मिळकत उरलेल्यातून काढली नाही. त्याच वर्षांत पोलादाच्या कारखान्याची योजना त्यांच्या मनात होती, जलविद्युतेची होती, हॉटेलचे बांधकाम व्हावयाचे होते. या प्रत्येक कामाला प्रचंड पैसा लागणार होता. आधी हे उद्योग उभे राहू देत, मग संस्थेचे पाहू, असे म्हणण्यास पुरेसे कारण होते. तसे त्यांनी केले नाही. संस्थेचा वाटा आधीच बाजूला काढला आणि उरलेल्या संपत्तीच्या बळावर उद्योगांचा विचार केला. संस्थेला आपले नाव द्यावे, असा आग्रहही त्यांनी धरला नाही.

५. एक गाठ आणि तिची सोडवणूक

३१ डिसेंबर १८९८ रोजी, नवे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन मुंबईत उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी, संस्थेच्या तात्पुरत्या समितीचे शिष्टमंडळ त्यांना भेटले. कर्झन यांनी योजनेचे मनापासून स्वागत केले नाही. इतक्या उच्च शिक्षणासाठी पुरेसे विद्यार्थी मिळतील काय आणि शिकून बाहेर पडलेल्यांना काम मिळेल काय, अशा त्यांच्या शंका होत्या. संस्थेचा खर्च केवळ टाटांच्या मिळकतीतून भागणार नव्हता. सरकारचे अनुदान आवश्यक होते, म्हणून सरकारच्या शंकांना टाळून पुढे जाता येत नव्हते.

परंतु एक अडचण योजनेच्या आतच होती. जमशेटजींनी प्रारंभी संस्थेची देणगी आणि आपल्या कुटुंबासाठी करावयाची मिळकतीची कायम व्यवस्था या दोन गोष्टी एकमेकींशी जोडल्या होत्या. कौटुंबिक मिळकत पिढ्यापिढ्यांत तुकडे होऊन विखुरली जाऊ नये आणि तिच्याबरोबर संस्थेचा वाटाही सुरक्षित राहावा, हा त्यांचा हेतू असावा. त्यासाठी सरकारचे साहाय्य हवे होते. घरच्या मिळकतीचे तुकडे झालेले ज्याने पाहिले आहेत, अशा कोणत्याही कुटुंबप्रमुखाला हा विचार समजण्यासारखा आहे.

तथापि बाहेरून पाहणाऱ्याला त्यातून वेगळा अर्थ काढता येत होता. देणगीच्या निमित्ताने हा गृहस्थ आपल्या कुटुंबाची सोय सरकारकडून करून घेत आहे, असा संशय घेण्यास जागा राहिली. देणगी शुद्ध हेतूची असली, तरी तिला स्वहिताची एक दोरी बांधलेली दिसली की देणाऱ्याच्या शब्दाचे वजन कमी होते. शिवाय एका व्यवस्थेवरील आक्षेप दुसरीलाही अडवून धरतो. जमशेटजींना हे उमगले. त्यांनी कौटुंबिक व्यवस्थेची अट मागे घेतली आणि संस्थेची देणगी स्वतंत्र केली. कुटुंबासाठी हवे असलेले संरक्षण त्यांनी सोडून दिले. संस्थेचा वाटा सोडला नाही. त्यांच्या हेतूची खरी परीक्षा येथे झाली.

दरम्यान १९०० मध्ये प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्से यांनी भारतात फिरून योजनेची पाहणी केली व संस्थेसाठी बंगळूरची शिफारस केली. म्हैसूर संस्थानने ३७१ एकर जमीन आणि आर्थिक साहाय्य देऊ केले. दिवाण शेषाद्री अय्यर यांचा या कामी पुढाकार होता. रॅम्से यांच्यानंतर मॅसन आणि क्लिबॉर्न यांच्या समितीनेही योजनेचा विचार केला. अहवाल झाले, पत्रव्यवहार झाले आणि वर्षे गेली.

१९०३ च्या डिसेंबरमध्ये ताजमहाल हॉटेल सुरू झाले. मोठ्या कामांपैकी तेवढे एक त्यांना पूर्ण झालेले पाहता आले. प्रकृती ढासळली होती. उपचारांसाठी ते युरोपात गेले आणि १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे त्यांचे निधन झाले. इंग्लंडमधील ब्रुकवुड येथे त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. पोलादाचा कारखाना नव्हता, जलविद्युत नव्हती आणि ज्या संस्थेसाठी मिळकत राखली होती, तिचा दगडही बसला नव्हता.

६. पश्चात

कोणत्याही दीर्घकालीन नियोजनाची कसोटी योजकाच्या मृत्यूनंतर लागते. संस्थेला सरकारची अंतिम मंजुरी मिळालेली नव्हती. वडिलांचा संकल्प होता. पण तो अपुरा राहिला, असे म्हणून मिळकत आपल्याकडे ठेवणे दोराबजी व रतनजी या बंधूंना अशक्य नव्हते. पोलादाच्या उद्योगासाठी त्यांना भांडवलाची निकडही होती. दोघांनी वडिलांचा शब्द पाळला. १९०५ मध्ये सरकारने योजनेला तत्त्वतः संमती दिली. १९०६ मध्ये संस्थेचे पहिले संचालक मॉरिस ट्रॅव्हर्स भारतात आले. २७ मे १९०९ रोजी धर्मादाय निधीविषयक कायद्याखाली आदेश निघाला आणि संस्थेची मिळकत कायद्याने कुटुंबापासून वेगळी झाली. १९११ मध्ये कोनशिला बसली व त्याच वर्षी २४ जुलै रोजी पहिले विद्यार्थी दाखल झाले. पहिल्या सरकारी भेटीपासून साडेबारा वर्षे गेली होती. आज ही संस्था भारतीय विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. बंगळुरातील जुने लोक तिला अजूनही टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात. ज्याने नावाचा आग्रह धरला नाही, त्याचे नाव लोकांनीच तिला दिले.

मुलांना वडिलांकडून मिळकतीबरोबर ही रीतही मिळाली. रतनजींनी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजाला व दक्षिण आफ्रिकेतील गांधीजींच्या लढ्याला अर्थसाहाय्य केले. १९१८ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या संपत्तीचा विश्वस्तनिधी १९१९ मध्ये स्थापन झाला. दोराबजींनी १९२४ च्या सुमारास पोलादाचा कारखाना संकटात सापडला असता स्वतःची सर्व संपत्ती, पत्नी मेहेरबाईंच्या दागिन्यांसह, बँकेकडे तारण ठेवली. कारखाना वाचला. १९३२ मध्ये, मृत्यूपूर्वी काही काळ, त्यांनी आपली संपत्ती विश्वस्तनिधीच्या स्वाधीन केली. समाजकार्याचे शिक्षण देणारी मुंबईतील संस्था आणि टाटा स्मारक रुग्णालय ही या निधीतून निघालेली कामे. टाटा सन्स या मुख्य कंपनीचे सुमारे दोन-तृतीयांश भाग आज अशा विश्वस्तनिधींच्या मालकीचे आहेत. उद्योगाच्या नफ्याचा मोठा वाटा त्यामुळे आपोआप दानाकडे वळतो.

७. मूल्यमापन

जमशेटजींच्या या कार्याकडे पाहताना दोन टोके टाळली पाहिजेत. त्यांना निरिच्छ संत मानणे योग्य नाही. ते धंदेवाईक होते, नफ्यावर त्यांची दृष्टी होती आणि कुटुंबाचे वैभव टिकावे असे त्यांना वाटत होते. दुसरीकडे, अतिश्रीमंत माणसाला दान देणे सोपेच असते, असे म्हणून त्यांचे कार्य बाजूला सारणेही बरोबर नाही. त्यांच्याहून श्रीमंत माणसे त्या काळी होती. फरक संपत्तीच्या आकारात नव्हता, विचाराच्या क्रमात होता.

हा क्रम तीन पायऱ्यांत मांडता येतो. प्रथम, दानाचा वाटा हयातीत आणि इतर वाट्यांबरोबर ठरविणे. दुसरे, ज्या कामाला दान द्यायचे त्याच्या स्वभावाला अनुरूप असे रूप दानाला देणे : विद्यार्थ्यासाठी परत येणारे कर्ज, संस्थेसाठी उत्पन्न देणारी मिळकत. तिसरे, दिलेले खरोखर आपल्यापासून वेगळे करणे आणि वारसांना ते समजावून त्यांच्याकडून ते पाळले जाईल असे पाहणे. यांपैकी तिसरी पायरी जमशेटजींना सर्वांत जड गेली.

आपल्यापैकी बहुतेकांजवळ चौदा इमारती नाहीत. परंतु निवृत्तीच्या वेळी हाती येणारी रक्कम, गावाकडील जमिनीचा तुकडा किंवा बँकेतील ठेव यांची वाटणी करण्याचा प्रसंग बहुतेक कुटुंबांत येतो. त्या वेळी गावच्या वाचनालयाला किंवा शाळेतील एखाद्या गरजू विद्यार्थ्याला ठेवीचे व्याज दरवर्षी मिळावे, अशी एक ओळ मृत्युपत्रात लिहिता येते. मुलाबाळांना ती आधी सांगता येते. रक्कम लहान असली, तरी पद्धत तीच राहते.

सारांश

जमशेटजी टाटा (१८३९–१९०४) यांनी व्यापार व गिरणीधंद्यातून संपत्ती मिळविली. १८६५ च्या मंदीत संपत्तीची अशाश्वतता त्यांनी अनुभवली. १८९२ मध्ये परतफेडीच्या तत्त्वावरील शिक्षणनिधी स्थापन केला. विज्ञानसंस्थेसाठी सुमारे ३० लाख रुपयांची उत्पन्न देणारी मिळकत राखून ठेवली. प्रारंभी ही देणगी कौटुंबिक व्यवस्थेशी जोडल्यामुळे अडचण निर्माण झाली. ती अट त्यांनी मागे घेतली. त्यांच्या मृत्यूनंतर मुलांनी संकल्प पूर्ण केला आणि पुढे स्वतःची संपत्तीही विश्वस्तनिधींना दिली.

शब्दार्थ

धनको : कर्ज देणारा.
ऋणको : कर्ज घेणारा.
मुद्दल : व्याज सोडून असलेली मूळ रक्कम.
मक्ता : ठरावीक कामाचा किंवा पुरवठ्याचा करार, ठेका.
भागभांडवल : भागधारकांकडून जमविलेले कंपनीचे भांडवल.
विश्वस्तनिधी : ठरावीक हेतूसाठी विश्वस्तांच्या हाती सोपविलेली संपत्ती.

स्वाध्याय

१. परतफेडीच्या तत्त्वावरील शिष्यवृत्तीचे फायदे व मर्यादा सांगा.
२. विज्ञानसंस्थेला रोख रकमेऐवजी मिळकत देण्यामागील विचार स्पष्ट करा.
३. कौटुंबिक व्यवस्थेची अट मागे घेण्याच्या जमशेटजींच्या निर्णयाचे तुमच्या शब्दांत मूल्यमापन करा.
४. तुमच्या परिसरातील एखादी शाळा, वाचनालय किंवा धर्मशाळा कोणाच्या दानातून उभी राहिली, त्या दानाची व्यवस्था कशी लावण्यात आली आणि ती आज चालू आहे काय, याची माहिती मिळवून दोन पृष्ठांचे टिपण तयार करा.